भादव्यातला पूर

हिमालयात हिवाळाभर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि नद्या फुगतात. आपल्या अहमदपूरला बर्फ नाही, पण साठा इथंही होतो. आषाढ-श्रावणात काळी जमीन पाणी पिऊन तुडुंब होते, तलाव भरतात. मग भादव्यातला जोराचा पाऊस मुरत नाही. ओढ्यांनी थेट मन्याडीत उतरतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरण भरलं, दरवाजे उघडले आणि नदीकाठचं सोयाबीन पाण्यात गेलं. म्हणून तलाव भरला की सावध व्हा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर असलं तरी उतरू नका. वाहतं पाणी माणसाला ओढून नेतं. गटाचं दप्तर, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. आणि पाणी चढू लागलं तर गुरांची दावी आधी सोडा. बांधलेल्या जनावराला पोहता येत नाही.