‘फ्लोर द ला मार’ : बुडालेले जहाज आणि बुडालेला नकाशा

जुन्या पोर्तुगीज लेखनात या युद्धजहाजाचे नाव कुठे ‘फ्लोर’, कुठे ‘फ्रोल’ असे आढळते. वाराणसीचे बनारस होते, त्याच जातीचा हा वर्णव्यत्यय. नावाचा अर्थ ‘समुद्राचे फूल’. जहाजाच्या प्रकाराला पोर्तुगीजात ‘नाउ’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘नौ’चा दूरचा भाऊच.

१५०२ मध्ये लिस्बन येथे बांधलेले हे सुमारे ४०० टनांचे जहाज. अशी जहाजे भारताच्या दोन-चार खेपांतच जर्जर होत. फळ्यांच्या सांध्यांत भरलेला काथ्या आणि डांबर सुटे, उष्ण समुद्रातले किडे लाकूड पोखरत. १५०६ मध्ये मसाल्याने लादलेले ‘फ्लोर’ परतीच्या वाटेवर गळू लागले आणि मोझांबिकला अडकून पडले. तरीही डागडुजी करून ते पुढे होर्मुझ, दीव, १५१० ची गोव्याची मोहीम आणि मलाक्का असे राबवले गेले. ते निकामी झाल्याचे ठाऊक असूनही मलाक्काची लूट अल्बुकर्कने त्यावरच चढवली, कारण पोट मोठे! नोव्हेंबर १५११ मध्ये सुमात्राच्या किनाऱ्याजवळ वादळात ते उथळावर आदळून फुटले. अल्बुकर्क तराफ्यावरून वाचला.

त्या खजिन्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याहून मोठी वाटते ती एका कागदाची हानी. एप्रिल १५१२ मध्ये राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात अल्बुकर्क एका जावानी नावाड्याच्या नकाशाचा उल्लेख करतो. त्यात लवंगांची बेटे होती, चिनी लोकांचे जलमार्ग होते. शिवाय पोर्तुगाल आणि ब्राझीलही होते. पोर्तुगीज ब्राझीलला पोहोचले १५०० मध्ये. म्हणजे अवघ्या अकरा वर्षांत ती वार्ता जावापर्यंत जाऊन तिथल्या नकाशात उतरली होती. पूर्वेकडच्या खलाशांना परकी माहिती पचवता येत नव्हती, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मूळ नकाशा जहाजाबरोबर गेला. फ्रान्सिस्को रॉड्रिग्ज या नकाशाकाराने उतरवून घेतलेला एक भाग तेवढा राजाकडे रवाना झाला. मुळातली स्थळनामे जावानी लिपीत होती. लिहिता-वाचता येणारा एक जावानी आपल्याजवळ होता, असे अल्बुकर्क सांगतो. नकाशाकाराचे नाव तो देतो, या वाचणाऱ्याचे देत नाही.