भिण्याची हौस

भीती ही कुणालाही नकोशी वाटणारी भावना आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. वाटेत साप दिसला की आपण मागे सरतो, निकालाच्या दिवशी हातपाय गार पडतात, आणि अशा वेळी कुणाला आनंद झाल्याचे ऐकिवात नाही. मग जत्रेतल्या आकाशपाळण्यापुढे रांग का लागते? पाळणा वरून खाली येऊ लागला की पोटात गोळा उठतो, डोळे मिटले जातात, तोंडातून किंकाळी फुटते. आणि खाली उतरल्याबरोबर तीच मंडळी पुन्हा तिकीट काढतात! नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या भयकथांनी कित्येक मराठी वाचकांची झोप उडवली, आणि तेच वाचक त्यांच्या पुढच्या पुस्तकाची वाट पाहत राहिले. २०१८ साली आलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षाही जास्त गल्ला जमवला. म्हणजे माणसे पदरचे पैसे मोजून घाबरायला जातात. हे कोडे आहे खरे!

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. अंधाऱ्या जिन्यात कुणी पाठीमागून 'भो' केले, तर तो कोण हे कळण्याआधीच आपण दचकतो. मेंदूच्या आतल्या भागात अमिग्डला नावाची, बदामाच्या आकाराची एक लहानशी रचना आहे. धोक्याची चाहूल लागताच शरीराला सावध करण्यात तिचा मोठा वाटा असतो; सावकाश विचार मागाहून येतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते, काळीज धडधडते, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. ही झुंजण्याची किंवा पळण्याची तयारी. धोका खोटा आहे असे कळले, तरी ती तयारी क्षणात ओसरत नाही. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात असे मांडले, की एका भावनेने उठलेली उत्तेजना मागे रेंगाळते आणि पुढच्या भावनेला जोर देते. भीती सरते, सुटकेचा आनंद येतो, आणि उरलेली धडधड त्या आनंदाला जाऊन मिळते. पाळण्यावरून उतरलेली मंडळी उगाचच खदखदा हसतात, त्याचे एक कारण हे.

पण एवढ्याने कोडे सुटत नाही. समजा, घाटात गाडीचे ब्रेक निकामी झाले आणि सुदैवाने सारे प्रवासी वाचले. त्यांचीही धडधड झाली, त्यांनाही सुटकेचा आनंद झाला. तरी तोच प्रवास पुन्हा करू या, असे त्यांतला एकही म्हणणार नाही. मग पाळण्यात आणि त्या गाडीत फरक तो कोणता?

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांत शृंगार आणि हास्य यांच्याच पंक्तीला भयानकही बसला आहे, आणि त्याचा स्थायी भाव भय. सुमारे १००० वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने रसास्वाद समजावून सांगताना उदाहरण घेतले ते 'शाकुंतला'च्या आरंभीच्या हरिणाचे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे आणि ते मान वळवून पुनःपुन्हा पाहत धावते आहे. प्रेक्षकाला तिथे भय जाणवते. पण 'मी भ्यालो' किंवा 'तो अमका भ्याला' असे ते वाटत नाही. भय कुण्या एकाचे न राहता केवळ भय म्हणून उरते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. 'मी भ्यालो' म्हटले, की पळ काढणे आले; तिथे रस कुठला?

आजचे मानसशास्त्र वेगळ्या वाटेने याच्या जवळपास येते. अमेरिकेतील पॉल रोझिन यांना प्रश्न पडला, की जिभेला आग लावणारी मिरची माणसे आवडीने का खातात? शरीर धोक्याची ओरड करते आणि मनाला मात्र धोका नसल्याचे ठाऊक असते. या दोहोंतल्या अंतरातच मजा आहे, असे त्यांचे म्हणणे. झणझणीत मिसळ खाताना नाकाडोळ्यांतून पाणी काढणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको!

हे अंतर मात्र नेमके असावे लागते. डेन्मार्कमधील संशोधकांनी तिथल्या एका 'भुताच्या घरा'त ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना भीती व मजा किती वाटली तेही विचारले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भीती अगदी कमी तिथे मजाही कमी, भीती फार तिथेही मजा कमी. सर्वांत जास्त मजा मधल्या टप्प्यावर. हा मधला टप्पा प्रत्येकाचा निराळा असतो. एखाद्याला भयपट मिटक्या मारीत पाहता येतो, तर दुसऱ्याचा जीव नुसत्या दार करकरण्याच्या आवाजाने घाबराघुबरा होतो. यात शूर आणि भित्रा असा भेद नाही. जशी एकाला दोन मिरच्या पुरतात आणि दुसऱ्याला पाच लागतात, तसेच हे.

या साऱ्याचे सार एकच. भीतीची दोरी जोवर भिणाऱ्याच्या हातात आहे, तोवरच तिच्यात गोडी आहे. पुस्तक मिटता येते, डोळ्यांवर हात घेता येतो, शेजारच्या मित्राचा दंड धरता येतो, चित्रपट अर्ध्यावर सोडून बाहेर पडता येते. ही दोरी दुसऱ्याच्या हाती गेली, की उरते ती निव्वळ भीती.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाला मध्यरात्री उठवून घाबरवणारे 'जरा गंमत केली' असे म्हणतात. गंमत खरीच झालेली असते, पण ती त्यांची! त्या मुलाला दार उघडून निघून जाण्याची मुभा नव्हती. त्याच्या दृष्टीने तो ब्रेक निकामी झालेला घाट होता. महाराष्ट्रात रॅगिंगला बंदी करणारा कायदा १९९९ साली झाला, तो अशाच गमतींपायी. रात्री एकटीने सुनसान रस्त्यावरून घरी जाणारी मुलगी मागे पावले ऐकून दचकते, तेव्हा तिचेही काळीज आकाशपाळण्यातल्यासारखेच धडधडत असते. पण ते तिकीट तिने काढलेले नसते.

तेव्हा भुताच्या गोष्टी अवश्य वाचाव्यात, सांगाव्यात, दिवे मालवूनही सांगाव्यात. फक्त ऐकणाऱ्यांपैकी कुणी 'पुरे' म्हणाले, तर त्याला न हसता दिवा लावावा.