साठी आणि बुद्धि

“साठी बुद्धि नाठी” ही म्हण महाराष्ट्रांत घरोघर ऐकूं येते. ती थट्टेनें उच्चारली जाते, पण तिचा परिणाम मात्र थट्टेचा होत नाहीं. घरांतील वडील माणसानें चष्मा कोठें ठेवला तें विसरावें आणि मुलांनीं ही म्हण आठवावी, असें चारदोन वेळां घडलें कीं तें माणूसच तिच्यावर विश्वास ठेवूं लागतें. मग बाजारहाट सुटतो, हिशेब सुनेकडे जातो, आणि ओसरीवरील खुर्ची एवढेंच त्याचें जग उरतें.

म्हणींत तथ्य किती, तें प्रथम पाहावें. वयाबरोबर स्मरण थोडें मंदावतें, हें खरें. परंतु नांव वेळेवर न आठवणें वेगळें आणि रोजच्या वाटेवर चुकणें वेगळें. दुसरा प्रकार स्मृतिभ्रंशाचा असूं शकतो. तो दिसतांच वैद्यांकडे गेलें पाहिजे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें भारतांत साठीवरील लोकांपैकीं सुमारें ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसें, या विकारानें ग्रस्त आहेत. संख्या लहान नव्हे. तथापि शंभरांतील ब्याण्णवांहून अधिकांची बुद्धि शाबूत असते, हेंही त्याच आंकड्यांत लिहिलेलें आहे.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें दोन टक्के. पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूचा पांचवा हिस्सा तो एकटा खर्च करतो. हृदय व रक्तवाहिन्या चांगल्या राहिल्या तर त्याचें पोषण नीट होतें. नव्या आठवणी रुजविणारा मेंदूंतील एक लहानसा भाग उतारवयांत हळूहळू आकसूं लागतो. अमेरिकेंत १२० वृद्धांवर प्रयोग करून २०११ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, वर्षभर नेमानें झपझप चालणाऱ्यांमध्यें हा भाग सुमारें दोन टक्क्यांनीं वाढला. केवळ हातपाय ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्यें तो घटला.

मग चालणें पुरेसें नाहीं काय? तें उत्तमच, परंतु ओळखीच्या सरळ रस्त्यानें चालतांना पाय आपोआप पडतात आणि मन भलतीकडे असतें. शरीर व मन एकाच कामाला जुंपलें तर अधिक लाभ होईल काय, हा प्रश्न न्यूयॉर्क राज्यांतील संशोधकांनीं हातीं घेतला. कांहीं वृद्धांना जागेवरची साधी सायकल दिली. इतरांच्या सायकलीपुढें पडदा लावला. पडद्यावर वळणाचा रस्ता दिसे, हातानें दिशा सांभाळावी लागे, आणि प्रतिस्पर्ध्याला मागें टाकावें लागे. २०१२ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: श्रम सारखेच असूनही, तीन महिन्यांनंतर योजना करणें, लक्ष वळविणें, चुकीची ऊर्मि आवरणें या शक्तींमध्यें पडद्यासमोरचे वृद्ध पुढें होते.

असा पडदा शाहूवाडीच्या खेड्यांत कोठून यावा? परंतु त्याचें काम करणारी साधनें तेथें पूर्वींपासून आहेत. मलकापुराहून आंबा घाटाकडे जातांना दोन्ही बाजूंस भातखाचरें लागतात. रोपांच्या लावणींत बायका ओळीनें मागें सरकत. हात चिखलांत, नजर शेजारणीच्या ओळीवर आणि तोंडीं गाणें. लेझीमही तसेंच. हलगीचा ठोका कानीं येतांच पाऊल बदलावें लागतें, शेजारच्याशीं अंतर राखावें लागतें, पुढचा हात कोणता तें स्मरावें लागतें. एक जण चुकला कीं रांग चुकते. म्हणून लक्ष ढळूं देतां येत नाहीं. भजनांतील पावली आणि गौरीपुढचा झिम्मा यांतही हेंच रहस्य आहे. पाय, कान, डोळा, स्मरण आणि संगत हीं पांचही तेथें एकत्र येतात.

न्यूयॉर्क शहरांतील पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ४६९ लोकांवर कांहीं वर्षें नजर ठेवली असतां, शारीरिक छंदांपैकीं केवळ नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. हा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ व वाद्यवादन यांचाही असाच संबंध दिसला. मात्र येथें घाई करूं नये. नृत्यामुळें बुद्धि टिकली, कीं बुद्धि टिकून होती म्हणून नृत्य चालू राहिलें, हें अशा पाहणीवरून निश्चित ठरत नाहीं. व्यायाम हा धोका कमी करणारा उपाय समजावा. जडलेला रोग तो बरा करीत नाहीं.

सावधगिरीही हवी. स्वीडनमधील संशोधकांना १९९७ सालीं असें आढळलें कीं, चालतांना कोणी बोलूं लागल्यास जे वृद्ध थबकतात, ते पुढील सहा महिन्यांत पडण्याचा संभव अधिक असतो. चालणें व बोलणें हीं दोन कामें त्यांचा मेंदू एकदम पेलूं शकत नाहीं. अशांनीं आरंभ बसूनच करावा: टाळ वाजवावा, झिम्म्याच्या टाळ्या द्याव्या. नंतर सपाट अंगणांत, भिंतीच्या आधारानें चार पावलें शिकावीं. नातवानें “उजवा” म्हणतांच आजोबांनीं डावा पाय टाकावा, हा खेळ विनाखर्चाचा आहे. पाठ झाला कीं पावलें बदलावीं. कारण जें अंगवळणीं पडलें, त्यांत मनाला काम उरत नाहीं. गुडघे, हृदय अथवा रक्तदाब यांची तक्रार असल्यास वैद्यांचा सल्ला आधीं घ्यावा.

शाहूवाडींतील तरुण मुंबई-पुण्यास जातात आणि मागें राहिलेल्या वृद्धांना खेळगडी उरत नाहींत. शहरांतील घरांत माणसें असतात, पण वडीलधाऱ्यांनीं बसून राहावें यालाच तेथें आदर समजतात. येत्या गणपतींत त्यांना मांडवांतील पुढची खुर्ची देण्याऐवजीं हातीं लेझीम द्यावें. दोन पावलें चुकलीं तर चुकूं द्यावीं. आणि निदान त्या वेळीं ती जुनी म्हण कोणीं काढूं नये.