नस दबली की बंद पडली?

आपल्याकडे ‘नस’ हा एकच शब्द दोन कामं करतो. मेंदूचा निरोप पायापर्यंत नेणारा मज्जातंतूही नस आणि रक्त वाहणारी नळीही नसच. बोलण्यात ते चालून जातं. पण मी रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे, आणि या एका शब्दापायी महिनोन्‌महिने भलत्याच दारात बसलेली माणसं मी बघतो.

गेल्या वर्षी साताऱ्याकडचे एक शेतकरी आले. वय 64. हातात एमआरआयचं भलंमोठं पाकीट. गादी सरकलीय, नस दबलीय, असं सांगून त्यांना कमरेच्या ऑपरेशनची तारीखही मिळाली होती.

“मामा, चालताना पोटरी भरून आली की काय करता?”

“थांबतो. बांधावर नुसता उभा राहिलो तरी दोन-तीन मिनिटांत उतरतं.”

“बसावं लागत नाही?”

“छे. उभ्या उभ्याच बरं वाटतं. मग निघतो.”

निम्मं निदान इथेच झालं. मणक्यातली वाट अरुंद होऊन मज्जातंतू दबले असतील, तर नुसतं उभं राहून भागत नाही. माणूस बसतो किंवा पुढे वाकतो, कारण वाकल्यावर त्या वाटेत जागा होते. अशांना वाकून सायकल मारताना त्रास होत नाही, आणि उतारापेक्षा चढ सोपा जातो. धमनी अरुंद झालेल्याचं उलट असतं. चढावर स्नायूला जास्त रक्त लागतं, आणि तिथेच पोटरी धरते. साठीनंतर बहुतेकांच्या एमआरआयमध्ये मणक्यांची झीज दिसतेच. ती दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असं नाही.

मामांना पायजमा वर घ्यायला सांगितला. उजव्या नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत, अंगठा गार. पावलाच्या वर, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत मी बोटं ठेवली, मग आतल्या घोट्याच्या मागे. नाडी कुठेच नव्हती. रात्री पडल्या पडल्या दुखतं म्हणून पाय खाटेखाली सोडून झोपतो, हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं. रक्त पायापर्यंत उतरावं म्हणून शरीरानंच शोधलेला तो उपाय.

पेनाएवढं डॉप्लर लावलं. निरोगी धमनी चाबकासारखी फटकारते. इथे लांबून येणाऱ्या वाऱ्यासारखा सूं सूं आवाज. दंडातला दाब 150, घोट्यातला 60. भागाकार 0.4. हा आकडा 0.9 च्या खाली गेला की पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं आम्ही धरतो. जुन्या मधुमेहात मात्र तो फसवतो. धमनीच्या भिंतीत चुना साठून ती इतकी कडक होते, की दाब मोजायच्या पट्ट्यानं दबतच नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. तिथे अंगठ्यातला दाब मोजायचा.

सीटी अँजिओग्राफीत मांडीतली धमनी गुडघ्याच्या वर बंद दिसली. नुसतं चालताना दुखत असतं, तर तंबाखू बंद, औषधं आणि रोजचं चालणं यांवर आधी भर दिला असता. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. पण बसल्या जागी दुखू लागलेला पाय फार वाट बघत नाही. मामांच्याच मांडीतली शीर काढून बायपास केला. शिरेत रक्त एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडावी लागते. टाक्याचा धागा केसाएवढा. ही शिवण जगाला शिकवणाऱ्या अलेक्सिस कॅरेलला 1912 साली नोबेल मिळालं. बारीक सुईकाम तो ल्योंमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून शिकला होता, असं सांगतात. चाळीस वर्षांची बिडी मामांनी त्याच आठवड्यात सोडली. कमरेचं ऑपरेशन झालंच नाही. पायाची नाडी बघायला अर्धं मिनिट लागतं. ती न बघता पायदुखीसाठी पाठ उघडायची तारीख दिली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

मणक्याच्या थिएटरमध्ये माझं जाणं असतंच. महाधमनी चौथ्या कंबर-मणक्यासमोर दुभंगते, आणि शिरा तिथेच जवळ एकत्र येतात. पाठीतून गादी काढताना चिमट्याचं टोक गादीच्या पुढच्या आवरणातून पार गेलं, तर तेच या वाहिन्यांना लागतं. क्वचितच घडतं, पण जिवावर बेततं. पाठीच्या जखमेत रक्त दिसेलच असं नाही. ते पोटात साठतं आणि रक्तदाब कोसळतो. मग रुग्णाला उताणं करून बहुतेकदा पोट उघडावं लागतं.

काही वेळा मणक्याकडे पोटाच्या बाजूनंच जायचं ठरतं. तेव्हा वाट मी करून देतो. डावीकडून आतडी पिशवीसकट बाजूला सारायची, मूत्रवाहिनी जपायची. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी गाठायला डावी मोठी शीर उजवीकडे ओढावी लागते. तिला मागून धरून ठेवणारी एक छोटी शीर असते. ती आधी बांधून कापली नाही, तर ओढताना फाटते. शिरेची भिंत ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी, टाका घ्यावा तर चिरत जाते.

या ऑपरेशनभर रुग्णाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावलेली असते. वाहिन्या पोलादी पात्यांनी ओढून धरल्या की पडद्यावरची लाट सपाट होते. मग मी घड्याळ बघतो, मध्येच ओढ सैल करायला लावतो. शेवटी ती पाती काढली, की लाट पुन्हा उठते. तरी मी चादरीखाली हात घालतो आणि पावलावरची नाडी बोटांनी चाचपतो.