किलोचा भाव

राजधानीतला संसार : भाग ७

२० ऑक्टोबर २०२४ रोजी लासलगावहून आलेली ‘कांदा एक्स्प्रेस’ दिल्लीच्या किशनगंज स्थानकात पोहोचली. एका खेपेत १,६०० टन कांदा. दिवाळी तोंडावर होती, भाव चढले होते आणि सरकारनं राखीव साठ्यातला कांदा एनसीसीएफ, नाफेड, केंद्रीय भांडार आणि सफलच्या दुकानांतून व फिरत्या गाड्यांवरून ३५ रुपये किलोनं विकायला काढला होता. ही फिरती गाडी आपल्या भागात कुठे उभी राहते हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी तो घेतला. बाकीच्यांनी त्याच आठवड्यात तसाच कांदा बाजारभावानं, पुष्कळ जास्त पैसे मोजून घेतला.

मागच्या भागात आपण घरभाड्याचा हिशेब पाहिला. भाडं एकदा ठरलं की वर्षभर त्यावर आपला इलाज नसतो. भाजी, किराणा, दूध, साबण यांवर मात्र रोज असतो. दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद यांतल्या बहुतेक वसाहतींत एकच टोमॅटो हातगाडीवर, सफलमध्ये, आठवडी बाजारात आणि मोबाइलच्या ॲपवर वेगवेगळ्या भावानं मिळतो. त्यातला कुठला घ्यायचा हे ठरवायला माझ्या मते एकच प्रश्न पुरतो: घरात येईपर्यंत किलोला किती पडला? सवलत किती टक्के मिळाली हा प्रश्न त्यानंतरचा.

महाराष्ट्रातून नव्यानं इथे आलेल्यांची पहिली गडबड हातगाडीवर होते. इथला भाजीवाला पुष्कळदा पावाचा भाव सांगतो. ‘बीस रुपये’ ऐकून आपण खूश होतो. पण ते पाव किलोचे असतात, म्हणजे किलोला ८०. म्हणून भाव ऐकला की आधी ‘किलो कितने का?’ असं विचारायचं. वर मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या मागायला इथे कोणी लाजत नाही, तुम्हीही लाजू नका. मे २०२४ मध्ये ब्लिंकिट या ॲपलासुद्धा भाजीबरोबर फुकट कोथिंबीर द्यायला सुरुवात करावी लागली, इतकी ही रीत पक्की आहे.

सफल ही मदर डेअरीची भाजी-फळांची दुकानं. तिथे भाव फळ्यावर लिहिलेला असतो, घासाघीस नसते. भाजी काही वेळा शिळी मिळते, पण भावाचा अंदाज घ्यायला तो फळा फार उपयोगी: आधी तो वाचा, मग हातगाडीवर जा. मदर डेअरीच्या बूथवर यंत्रातून सुटं दूधही मिळतं, जुने दिल्लीकर त्याला टोकनचं दूध म्हणतात. घरून बरणी न्यावी लागते. पिशवीच्या दुधापेक्षा लिटरमागे ते थोडं स्वस्त पडतं. रोज दोन लिटर लागणाऱ्या घरात ‘थोडं’ हा शब्द वर्षाअखेरीस लहान राहत नाही.

आठवडी बाजार हे दिल्लीचं खरं वैभव. सोम बाजार, मंगल बाजार, बुध बाजार अशी वारावरून नावं, संध्याकाळी रस्त्याच्या कडेनं भरतात. बाजार उठायच्या तासाभरात भाजीचे भाव उतरतात, कारण पालेभाजी परत नेऊन विक्रेत्याला उपयोग नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत मटार आणि लाल गाजरं स्वस्त होतात. इथली घरं तेव्हा मटार सोलून डीप फ्रीझमध्ये भरून ठेवतात, ते पावसाळ्यापर्यंत पुरवतात. ही सवय उचलण्यासारखी आहे.

आता पाकीटबंद मालाकडे येऊ, कारण सर्वांत जास्त पैसा न कळत इथेच जातो. पूर्वी खाद्यतेल, चहा, बिस्किटं, साबण अशा काही वस्तू कायद्यानं ठरवून दिलेल्या वजनांतच विकाव्या लागत. २०२१ साली पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि पुढे ते बंधन निघालं. तेव्हापासून कंपनीला हव्या त्या मापाचं पाकीट काढता येतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता त्याच आकाराच्या दिसणाऱ्या पिशव्या ८५० किंवा ८०० ग्रॅमच्याही असतात. शेजारी ठेवल्या तर कमी किमतीची पिशवी स्वस्त वाटते, आणि हातही तिच्याकडेच जातो.

त्याच दुरुस्तीनं ग्राहकाच्या हातात एक साधनही दिलं, पण ते फार थोड्यांना माहीत आहे. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एकक विक्री किंमत छापलेली असते: माल एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला किती, जास्त असेल तर दर किलोला किती. ग्रॅमचा आकडा हजारानं गुणला की किलोचा भाव हातात आला. दोन पिशव्यांचा हा आकडा बघा, एमआरपी बघू नका. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असं आपण धरून चालतो. शांपूच्या बाबतीत पुष्कळदा उलट असतं, एक-दोन रुपयांच्या पुड्या मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त निघतात. म्हणून अंदाजावर विसंबायचं नाही.

ॲपवर हाच प्रश्न जास्त कडक लावावा लागतो. समजा, तुम्ही ३५ रुपयांची लिंबं आणि कोथिंबीर मागवली. त्यावर पोहोचवण्याचे २५ आणि हाताळणीचे १० रुपये चढले, तर भाजी ७० रुपयांना पडली. ते टाळायला ‘आणखी १२० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत’ अशी सूचना येते आणि नको असलेले चिप्स घरात येतात. दहा मिनिटांत सामान आणून देणारी ही सोय आजारी माणसाच्या घरात मोलाची आहे. रोजच्या किराण्यासाठी मात्र आठवड्याची यादी करून एकदाच मागवणं परवडतं.

‘फक्त २ शिल्लक’ म्हणून खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणं, पैसे भरायच्या शेवटच्या पानावरच जादा आकार दाखवणं, सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणं, या युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार नावानिशी निषिद्ध ठरवले. असं काही आढळलं तर पडद्याचं छायाचित्र घेऊन ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती १७ भाषांत चालते, त्यांत मराठी आहे. हिंदीत नीट मांडता येत नाही म्हणून आपली ज्येष्ठ माणसं तक्रारच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना हा क्रमांक लिहून द्या.

सणासुदीच्या सेलमधल्या ‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल थोडक्यात. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याजाइतकी सूट किमतीत आधी दाखवतात आणि हप्त्यांतून व्याज वसूल होतं. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, प्रक्रिया शुल्क असेल तर तेही. दुकानदाराला एकरकमी भरल्यास किती कमी करणार, एवढं विचारूनच हप्ते घ्या.

मसाला, सुकामेवा, दिवाळीच्या फराळाचं सामान यांसाठी खारी बावली आहे. चांदणी चौक मेट्रोला उतरून फतेहपुरी मशिदीच्या बाजूला चालत जायचं. रविवारी मात्र नको, बाजार बंद असतो. एका घरासाठी एवढी पायपीट परवडत नाही. इथे मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत कामी येते. १९७५ पासून त्यांचे सभासद शेजाऱ्यांचे लहान गट करतात, महिन्याची एकत्र मागणी नोंदवतात, माल गटातल्या एका घरी उतरतो आणि तिथेच वाटला जातो. दिल्लीत मराठी कुटुंबं विखुरलेली असली तरी एकेका सोसायटीत चार-पाच सापडतातच, आणि शेजारची पंजाबी-बंगाली घरं सामील झाली तर उत्तमच. दिवाळीआधी तीन आठवडे सगळ्यांची यादी एकत्र करा: खोबरं, वेलदोडे, काजू, बेदाणे, तीळ, खसखस. दोघांनी जायचं, प्रत्येक वस्तूचा किलोचा भाव दोन-तीन दुकानांत विचारायचा, पावती घ्यायची, आणि रिक्षाभाडंसुद्धा किलोच्या भावात धरूनच घरोघरी वाटणी करायची.