तळघरातील विद्यार्थी

स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी क्षयरोग्याने घेतलेली असतील. हे औषध एका विद्यार्थ्याच्या हाती लागले, हे आम्हा कलाशाखेच्या मंडळींना फार उशिरा कळले.

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात २३ वर्षांचे अल्बर्ट शाट्झ पीएच.डी. करीत होते. क्षयजंतूंच्या धास्तीने त्यांचे काम तळघरात चाले. मातीतले सूक्ष्मजीव काचेच्या बशीत वाढवायचे, जवळ रोगजंतूंची रेघ ओढायची आणि जंतू कोठे वाढत नाहीत ते पाहायचे. अशी बशीमागून बशी. अखेर हवा तो सूक्ष्मजीव दोन ठिकाणी सापडला : भरपूर खत घातलेल्या मातीत आणि कोंबडीच्या घशातील नमुन्यात. हा नमुना डोरिस जोन्स या विद्यार्थिनीने दिला होता. पेनिसिलीनला न जुमानणारे क्षयजंतू या नव्या औषधाने रोखले.

आम्ही बँकेतले, रक्कम कोणाच्या खात्यावर जमा झाली हे आधी पाहतो. १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या मार्गदर्शकांना, सेलमन वॅक्समन यांना मिळाले. शाट्झ त्यापूर्वीच, १९५० मध्ये, न्यायालयात गेले होते व तडजोडीत त्यांना सहसंशोधक मानले गेले होते. वॅक्समन मोठे खरेच, पण तळघर विद्यार्थ्याच्याच वाट्याला आले होते. विद्यापीठाने शाट्झ यांना पदक दिले ते १९९४ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी.