जुना पडदा (भाग ७) : कैरी नसलेला सिनेमा

गेल्या रविवारी उचगावच्या आमच्या घरात टीव्हीला मोबाइल जोडून ‘कुंकू’ लावला होता. आत्या भाकऱ्यांचं आवरून पदराला हात पुसत येऊन बसली. लग्न झालं, रुसवेफुगवे झाले, सिनेमा निम्म्यावर आला आणि तिनं विचारलं, “आरं, ह्या पोरीला दिवस कधी जायाचं?”

मी हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. पडद्यावर लग्न लागलं की पुढच्या दोन-चार प्रसंगांत काय दिसायला हवं, हे आत्याला पाठ आहे. सून मोरीकडे धावते, चिंचेचं बुटुक नाहीतर कैरीची फोड चोरून खाते, चक्कर येते, वैद्यबुवा नाडी धरून मिशीत हसतात. मूल नसेल तर खुणा वेगळ्या: पिंपळाला फेऱ्या, नवस, आणि शेजारणीचं पोर कडेवर घेतल्यावर दोन क्षण जास्त रेंगाळणारा कॅमेरा. ही भाषा सिनेमावाल्यांनी आपल्या घरांतून उसनी घेतली. आपण सरळ कधी बोललो? कुणाला ‘दिवस जातात’, कुणाची ‘कूस उजवते’, कुणाचा ‘पाळणा हलत नाही’. पडद्यानं या आडवळणाच्या शब्दांची चित्रं केली, एवढंच.

‘कुंकू’मध्ये यातलं काहीच नाही. म्हणून तो नीट वाचायला हवा.

सिनेमा 1937 चा, ‘प्रभात’चा. ‘प्रभात’ची स्थापना 1929 साली इथं कोल्हापुरातच झाली, 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली. दिग्दर्शक व्ही. शांताराम मूळचे कोल्हापूरचे. कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. अनाथ नीराला (शांता आपटे) तिचा मामा फसवून काकासाहेब या वयस्कर, विधुर वकिलाच्या (केशवराव दाते) गळ्यात बांधतो. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात म्हाताऱ्याशी ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडतं. इथं ते लागतं, आणि नाटकाला पुढं सांगावी न लागलेली गोष्ट सुरू होते. नीरा या माणसाची बायको म्हणून राहायला ठाम नकार देते.

म्हणजे मूल न होण्याचं कारण वय नाही, कूसही नाही. काकासाहेबांची मुलं केव्हाच मोठी झालीत. मुलगा तर असा वाया गेलेला, की सावत्र आईच्याच अंगचटीला जायला बघतो आणि तिच्या हातचा मार खातो. वंशाला दिवा हवा म्हणून लग्न केलं, ही सबबसुद्धा त्या घराला नाही. या लग्नात मूल कुणालाच नको होतं. काकासाहेबांना फक्त स्वतःचं तरुणपण परत हवं होतं. मला वाटतं, सिनेमातला सर्वांत कडक आरोप हाच आहे आणि तो एकदाही शब्दांत येत नाही.

तो येतो वस्तूंमधून. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाजच ऐकू येतात. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य मोजत राहते. एके ठिकाणी फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून काकासाहेबांचेच अनेक चेहरे त्यांना हसतात. शयनगृहात काय घडलं नाही, हे सांगायला याहून जास्त काय लागतं?

आणि शीर्षक. आपल्याकडे सवाष्णीला कुंकू लावलं की पाठोपाठ ओटी भरतात; नारळ, तांदूळ, म्हणजे मुलाबाळांचा आशीर्वाद. सिनेमानं नावाला जोडीतला पहिला अर्धा घेतला, दुसरा सोडला. मुद्दाम सोडला असेल-नसेल, पण मला तो सुटलेला अर्धा ऐकू येतो.

हे सगळं आडून का सांगायचं? काळ आठवा. र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्वे हरले. त्यानंतर तीनच वर्षांनी ‘कुंकू’ आला.

आता गंमत बघा. काकासाहेबांची विधवा, शिकलेली, समाजकार्य करणारी मुलगी नीराची बाजू घेते. ते काम केलंय शकुंतला परांजपे यांनी; रँग्लर परांजप्यांची कन्या, सई परांजपे यांच्या आई. संततिनियमनाच्या प्रचारात त्या कर्व्यांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या, पुढं राज्यसभेत गेल्या, 1991 साली पद्मभूषण मिळालं. मूल कधी व्हावं, किती व्हावीत, हे बाईनं ठरवावं असं उघड सांगणारी बाई, मूल न झालेल्या या लग्नाच्या गोष्टीत नीराच्या शेजारी उभी आहे!

शेवटी काकासाहेबांना चूक उमगते. दुसरं लग्न कर, अशी चिठ्ठी नीरासाठी ठेवून ते जीव देतात. आत्यानं डोळे पुसले, मग मी तिला शकुंतलाबाईंचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली.

“म्हंजी तिला सगळं ठावं व्हतं,” ती म्हणाली, “आन् पडद्यावर एक अक्षर बोलली न्हाई बघ.”

पुढच्या भागात ‘प्रभात’चाच ‘माणूस’.